पाण्याला तारीख कसली?

दरवर्षी 20 मार्चला आपण महाडला जातो. तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळ भरतो, जयभीम करतो, परत येतो. आणि रात्री दोन वाजता आपल्याच आयाबहिणी गॅलन घेऊन लायनीत. मी त्या लायनीतच वाढलो. पलीकडच्या गल्लीतला नळवाला पैसे घेऊन पाणी द्यायचा, शिव्या मात्र फुकट.

मुंबईत पाण्यासाठी जात विचारत नाहीत, तारीख विचारतात. झोपडी 1995 च्या आधीची का नंतरची? पुढं ती तारीख सरकून 2000 झाली. त्यानंतर आलास तर तू बेकायदा, तुझं पोर बेकायदा, त्याची तहानही बेकायदा. या तारखेपलीकडं कोण सापडतं? गावानं आणि दुष्काळानं हुसकलेले बौद्ध, मातंग, पारधी, मुसलमान. मनूनं नाव बदललंय, दुसरं काय!

पाणी हक्क समिती कोर्टात गेली. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई हायकोर्ट म्हणालं, घर बेकायदा असलं तरी पाणी नाकारता येत नाही. तो जगण्याचा हक्क आहे, कलम 21. पण त्याच निकालात हेही, की अधिकृत घरवाल्याच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही. तहान मंजूर, बरोबरी नामंजूर! पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला 2022 उजाडलं. हिशेबही बघा. पालिका वर्षानुवर्षं झोपडीत माणशी 45 लिटर धरत आली, इमारतीत 135. त्या 45 त पिणं, रांधणं, धुणं, संडास सगळं बसवा. आणि संडासाला पाणी पुरलं नाही की नाक मुरडून आम्हालाच घाणेरडे म्हणा.

बरं, पाणी तरी कुठलं? भातसा धरण शहापूर तालुक्यात. तिथल्याच आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर.

कागदाचं म्हणाल तर महाडलाही कागद होताच. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेनं 1924 त तळं खुलं केलं, कागदावर. पाण्याला हात लागला तो 1927 त, बाबासाहेब चालत गेले तेव्हा. लगेच शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ झालं, आणि ऑगस्टात पालिकेनं ठरावच मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 त.

तर दोस्तहो, यंदा महाडला जाऊच. पण त्याआधी वस्तीतले रिकामे हंडे, गॅलन, ड्रम घेऊन वॉर्ड ऑफिसवर. घरटी एक अर्ज. पोच हातात पडल्याशिवाय पायरीवरनं उठायचं नाही.