चौरंगावरील तसबीर कोणाची?

आज लक्ष्मीपूजन. अनेक घरांत चौरंगावर जी कमळावर उभी, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती असलेली लक्ष्मी येईल, तिचे रूप राजा रविवर्मा यांनी रंगविले. १८९४ साली मुंबईत काढलेल्या त्यांच्या शिळाछापखान्याने ते घरोघरी पोचविले. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. आपल्या कायद्याने चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा त्या लक्ष्मीस आज कोणीही संगणकावर नवा शालू नेसवावा!

रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवतांची गोष्ट मात्र निराळी. ते १९७६ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क २०३६ अखेरपर्यंत शाबूत आहे. तरीही सणासुदीला मोबाइलवर फिरणाऱ्या शुभेच्छाचित्रांत कोपऱ्यातील सही कापलेली आम्ही पाहतो. देवतेचे ध्यान परंपरेतून आले, ते सर्वांचे. कमळावर वा अभयमुद्रेवर कोणी मालकी सांगत नाही, हे आपले भाग्यच. परंतु मुखावरील तो प्रसन्न भाव, ती रंगांची झळाळी एका माणसाच्या हातची असते. छपाईचा हक्क विकला तरी चित्र आपले आहे हे सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार कायदा काढून घेत नाही. सही कापणाऱ्याच्या हे गावीही नसते.