हृदयाभोवतीचा परिग्रह



हृदयविकाराचा विषय निघाला की आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपण शाकाहारी, मद्यमांसाला शिवत नाही, आपल्याला कसले भय?’ या आचाराचे मोल निर्विवाद आहे. परंतु जो मनुष्य दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून असतो आणि ज्याच्या ताटात तूप, तळण व मिठाई नित्य असते, त्याचे शरीर निमूटपणे संग्रह करीत राहते. हा संग्रह केवळ पोटावर होत नाही, हृदयाभोवतीही होतो.

वस्तुतः प्रत्येक निरोगी हृदयावर निसर्गाने थोडी चरबी ठेवलेलीच आहे. हृदयाचा स्नायू आणि त्यावरील पातळ आवरण यांच्यामध्ये ती असते. वैद्यकशास्त्र तिला ‘एपिकार्डियल फॅट’ म्हणते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना ती आधार देते आणि प्रसंगी स्नायूला इंधन पुरवते. प्रश्न उद्भवतो तो तिचे प्रमाण वाढल्यावर. ही चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये कोणताही पडदा नाही. त्यामुळे वाढलेल्या चरबीतून दाहकारक द्रव्ये पाझरू लागली की ती सरळ स्नायूपर्यंत व धमन्यांपर्यंत पोहोचतात. २००३ साली बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, त्वचेखालील चरबीपेक्षा हृदयावरील चरबीत अशी द्रव्ये अधिक आढळली. धमन्या अरुंद होणे, हृदयाचे ठोके अनियमित पडणे आणि हृदयाची कार्यशक्ती खालावणे या तिन्ही विकारांशी या चरबीचा संबंध दिसून आला आहे.

हे संकट केवळ पुरुषांचे आहे, असेही कोणी समजू नये. अमेरिकेत विविध वंशांच्या सुमारे ६,८०० व्यक्तींचा ‘मेसा’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास झाला. त्याच्या २०२१ मधील निष्कर्षांनुसार, हृदयाभोवती अधिक चरबी असलेल्या पुरुषांत हृदय निकामी होत जाण्याचा धोका सुमारे दीडपट, तर स्त्रियांत सुमारे दुप्पट होता. घरातील सर्वांच्या तपासण्यांच्या तारखा पाठ असणाऱ्या आपल्या श्राविका स्वतःची तपासणी मात्र पुढे ढकलत राहतात. कुटुंबाने याचा विचार करावा.

‘पण माझे वजन तर बेताचेच आहे,’ असे काहीजण म्हणतील. त्यांनी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो, तरी आत चरबी बाळगून असू शकतो.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही ताळेबंदाखालील टिपेत नोंदलेली संभाव्य देणी आवर्जून वाचत असू. वरचे आकडे कितीही गोमटे असले तरी खरे दायित्व तेथे उमगते. आरोग्याच्या बाबतीत वजनकाटा हा ताळेबंद, तर कंबरेचा घेर ही ती टीप. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते. विजारीच्या मापावर विसंबू नये, कारण पट्टा पोटाखाली सरकतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, साध्या शिंप्याच्या टेपने मोजावे. हृदयावरील चरबी इकोकार्डिओग्राफी वा सीटी स्कॅनमध्ये दिसते. पण त्या तपासण्या कोणी करून घ्याव्यात हे डॉक्टरांनी ठरवावे.

समाधानाची गोष्ट अशी की हा संग्रह उतरवता येतो. डेन्मार्कमध्ये बैठी जीवनशैली आणि सुटलेले पोट असलेल्या ५० व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ४५ मिनिटे, असा बारा आठवडे व्यायाम केल्यावर, दमसास वाढविणाऱ्या व्यायामाने हृदयावरील चरबी सुमारे ३२ टक्के, तर स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाने सुमारे २४ टक्के घटली.

आपल्या परंपरेत बाह्य तपांमध्ये ऊनोदरी आणि रसपरित्याग यांना स्थान आहे. तप हे कर्मनिर्जरेसाठी असते, वजन घटविण्यासाठी नव्हे, हे मी जाणतो. तरीही भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचा आणि तूप, तेल, गोड यांपैकी एखादा रस सोडण्याचा नियम देहालाही हितकारक ठरतो. मात्र उपवासानंतरच्या पारण्यात तळण-मिठाईची रेलचेल झाली, तर देहाच्या खात्यात त्या नियमाची शिल्लक काय उरणार? आपले साधुसाध्वी अनवाणी विहार करतात. आपण मात्र चार गल्ल्या ओलांडून मंदिरात जायलाही वाहन काढतो. उद्यापासून तेवढे अंतर तरी पायी चालावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी दीर्घ उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

तिजोरीतील परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आपण जाणतो. देहातील परिग्रहालाही तशीच मर्यादा घालू या. कारण त्याची वसुली अनेकदा पूर्वसूचनेविना होते, आणि ती फेडावी लागते संपूर्ण कुटुंबाला.