सातबाऱ्याची नवी आवृत्ती आणि जुने हक्क

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची चर्चा बहुधा वेगाभोवती फिरते. उतारा किती मिनिटांत मिळाला, हे मोजणे सोपे असते. प्रणालीची एक आवृत्ती जाऊन दुसरी येते तेव्हा जुन्या नोंदींतले नेमके काय टिकले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. भंडारा जिल्ह्यात तो विशेष गांभीर्याने विचारावा लागतो.

प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाचा इतिहास जपण्यासाठी संगणकतज्ज्ञ गिट, सबव्हर्जन यांसारख्या प्रणाली वापरतात. महसूल खात्याकडे हीच पद्धत कागदावर फार पूर्वीपासून आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हा बदलांचा इतिहास. सातबारा हे त्याचे आजचे रूप. गिटमध्ये वापरकर्त्याची मांडणी मूळ प्रोग्रॅमबाहेर वेगळ्या फाइलमध्ये राहते, त्यामुळे नवी आवृत्ती बसवली तरी तिला सहसा धक्का लागत नाही. सबव्हर्जनच्या २०११ मधील १.७ आवृत्तीने मात्र कामाच्या प्रतीचा साचाच बदलला. एकदा रूपांतर केले की जुन्या आवृत्तीला ती प्रत वाचता येत नसे. सातबाऱ्याचे नाते या दुसऱ्या प्रकाराशी आहे. तेथे हक्क साच्यातच गुंतलेले असतात.

भंडाऱ्याने असे साचे अनेकदा बदललेले पाहिले. मध्य प्रांतातील हा मालगुजारी मुलूख. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला. मध्य प्रदेशच्या १९५४ च्या संहितेतील भूमिस्वामी व भूमिधारी हे शब्द जाऊन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ आले. चराई, सरपण, पाणी यांविषयीचे गावाचे हक्क निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या स्वतंत्र दस्तऐवजांत राहिले. उतारा ऑनलाइन झाला म्हणजे हे सारे ऑनलाइन झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

‘वर्ग २’ ही नोंद गळाली, तर हस्तांतरणावरील बंधन कागदावरून पुसले जाते. ‘इतर हक्क’ रकाना रिकामा राहिला, तर कूळ वा विहिरीतील वाटेकरी उघड्यावर पडतो. धान हमीभावाने विकायचे तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी, आणि २०२१ पासून ती ई-पीक पाहणीतून होते.

शासनाला याची जाणीव नव्हती असे नाही. २०१७ मधील चावडी वाचनात संगणकीकृत सातबारे गावासमोर वाचून चुका शोधण्यात आल्या. त्यानंतर २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आला. हा क्रम योग्यच होता. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यास संहितेचे कलम १५५ आहे. पण चूक आढळून अर्ज होईपर्यंत कर्ज वा खरेदीची मुदत टळून गेलेली असू शकते.

म्हणून पुढील प्रत्येक बदलापूर्वी पवनी वा लाखांदूर तालुक्यातील एखाद्या साझ्यात नवी प्रणाली चालवून पाहावी, जुना व नवा उतारा रकान्यागणिक ताडावा, निकाल चावडीवर लावावा आणि तोपर्यंत जुनी माहिती वाचण्याजोग्या स्थितीत जपावी. तफावत निघाल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव खातेदाराच्या अर्जाची वाट न पाहता तहसील कार्यालयानेच दाखल करावा.