जुन्या नावाची हाक

परवा सकाळी कार्यालयात आले आणि रोजच्यासारखं आधी बॅकअप पाहिलं. ‘पावत्या’ फोल्डर रिकामं! शेजारी मात्र एक अनोळखी, लांबलचक फोल्डर. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग कसलंसं चिन्ह, पुन्हा तोच ए, पुन्हा चिन्ह. धडधडत्या छातीनं ते उघडलं. कालच्या सगळ्या पावत्या आत सुखरूप होत्या. चुराडा झाला होता तो फक्त नावाचा.

बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मी गेल्याच आठवड्यात नव्या पॉवरशेलसाठी, म्हणजे अशा आज्ञा चालवणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्तीसाठी, लिहिली होती. दिवसा हातानं चालवली तेव्हा बिनतक्रार चालली. मग रात्री काय झालं? ठरल्या वेळी ती चालवणारं टास्क शेड्युलर उघडल्यावर उलगडा झाला. प्रोग्रॅमच्या चौकटीत अजून ‘पॉवरशेल डॉट ईएक्सई’च होतं. हाक जुन्या नावानं गेली, ओ जुन्यानंच दिली.

पॉवरशेलचं नाव बदलणं नवं नाही. २००६ साली ‘मोनाड’चं ‘पॉवरशेल’ झालं, स्क्रिप्टच्या फाइलींचं एमएसएच हे शेपूट जाऊन पीएस१ आलं. २०१८ मध्ये लिनक्स आणि मॅकवरही चालणारी सहावी आवृत्ती आली, तेव्हा प्रोग्रॅम ‘पीडब्ल्यूएसएच’ झाला. सुरू होताना आपोआप चालणारी प्रोफाइलची फाइल ‘विंडोजपॉवरशेल’ फोल्डरमधून ‘पॉवरशेल’मध्ये शोधली जाऊ लागली. एकाच मशीनवर जुनं-नवं दोन्ही नांदावीत, म्हणून ही वेगळी नावं. मी नवं पहिल्यांदा उघडलं, तेव्हा वर्षानुवर्षं जमवलेली माझी छोटी छोटी फंक्शन्स त्याला ओळखूच येईनात. ‘डॉलर प्रोफाइल’ टाइप केलं, तर त्यानं दाखवलेल्या पत्त्यावर फाइलच नव्हती. जुनी तिथं नेऊन ठेवली, तेव्हा कुठे हात पूर्वीसारखा चालू लागला.

पावत्यांचं दुखणं मात्र आणखी आत होतं. स्क्रिप्टच्या फाइलच्या सुरुवातीला, अक्षरं कशी साठवलीत हे सांगणारी बीओएम ही खूण नसेल, तर जुनं पॉवरशेल ती फाइल मशीनच्या जुन्या कोडपेजनं, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यानं वाचतं. नवं यूटीएफ-८ धरून चालतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची एकेक खूण तीन बाइटची असते. ‘पावत्या’ या शब्दात काना, हलन्त धरून सात खुणा. जुन्यानं प्रत्येकीचे तीन तुकडे केले. फोल्डरचं नाव इंग्रजीत असतं, तर रात्री कोण चालतंय याचा मला पत्ताही लागला नसता.

‘नाव रोमनमध्येच ठेवा ना,’ असं एकानं सुचवलं. नाही ठेवणार. या पावत्या रोज शोधणाऱ्या बाई त्यांना पावत्याच म्हणतात.

आणि एवढा मनस्ताप होऊनही, जुनं नाव चालू ठेवलं हे मला पटतं. विंडोजमधलं जुनं पॉवरशेल ५.१ पर्यंत पोचलं, पण राहतं अजून ‘व्ही१.०’ नावाच्या फोल्डरमध्येच. कुठल्या तरी कार्यालयात कुणी तरी तो पत्ता एका चौकटीत लिहून ठेवलाय, आणि त्या माणसाची कधीच बदली झालीय. ते काम आज रात्रीही व्हायला हवं.

माझ्या चौकटीत आता पीडब्ल्यूएसएचचा पूर्ण पत्ता आहे. स्क्रिप्ट बीओएमसह साठवली, पावत्या जागेवर नेल्या. अशी आणखी अकरा कामं रात्री चालतात. एकेकाची चौकट उघडून बघतेय. आज सातव्यापर्यंत आलेय.