लेथला नवी मोटर

आमच्या बेळगावात उद्यमबागेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या मागील दारी एखादा लहान लेथ निघतोच. माझाही आहे. त्याची जुनी कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर काढून या महिन्यात एक एचपीची थ्री फेज मोटर बसवली आणि तिला इन्व्हर्टर ड्राइव्ह जोडला. घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर तो हा नव्हे. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, आता वीज गेली तरी हे आत येत नाहीत!

पट्टा न बदलता वेग कमीजास्त होतो, हे सुख मोठे. मात्र घरच्या सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह तीन फेज देतो तो 230 व्होल्टचाच. लहान मोटर बहुधा 415 साठी स्टारमध्ये जोडून येते, ती तशीच लावली तर जोर मिळत नाही. नेमप्लेटवर दोन्ही व्होल्टेज असतील तरच पट्ट्या बदलून डेल्टा करावा. जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवू नये. चालू असताना तो उघडला तर ड्राइव्ह जळू शकतो.

मला खरी काळजी होती ती वीज जाऊन परत येण्याची. नातू सुटीत आला की पितळी भोवरा करायला माझ्या शेजारी उभा असतो. वीज गेली, साधा स्विच चालूच राहिला, कुणी चकमध्ये किल्ली घातली आणि वीज आली तर? म्हणून सुरू आणि बंद अशी दोन वेगळी दाबबटणे ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडली आणि आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद ठेवली. चक रिकामा ठेवून, डिस्प्ले पूर्ण विझू देऊन, मेन पुन्हा चालू करून पाहिला. हिरवे बटण दाबेपर्यंत लेथ हलला नाही. लाल मश्रूम बटण चकवरून हात न नेता पोचेल असे टेलस्टॉककडे घेतले.

मेन आणि अर्थिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतले. मेन बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर वीज उरते. मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटे थांबून, मीटर लावून मगच झाकण उघडावे. मी तेवढ्यात चहा घेतो.

आणि चक आट्यांवर बसणारा असेल, तर थांबण्याचा वेळ फार कमी ठेवू नका. झटक्यात थांबवला की चक सुटून येतो. माझा तसाच आहे, म्हणून मी पाच सेकंद ठेवले आहेत.