नार्कोचा गाजावाजा आणि मुद्देमालाची मोहोर

वसईतील तरुणीच्या दिल्लीत झालेल्या हत्येचे प्रकरण २०२२च्या नोव्हेंबरात उघडकीस आले, तेव्हा वृत्तवाहिन्यांना सर्वाधिक कुतूहल होते ते आरोपीच्या नार्को चाचणीचे. न्यायालयाच्या लेखी तिचे मोल अल्पच. संमतीविना नार्को, पॉलिग्राफ वा ब्रेन मॅपिंग करणे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सेल्वी खटल्यात घटनाबाह्य ठरवले. संमतीने झालेल्या चाचणीतील कथनही पुरावा ठरत नाही. त्यावरून पुढे काही हाती लागले, तरच त्याचा उपयोग. तपासाला खरा आधार मिळाला तो मेहरौलीच्या जंगलात सापडलेल्या हाडांचा. वडिलांच्या नमुन्याशी त्यांचा डीएनए जुळला.

मात्र डीएनए जुळला म्हणजे गुन्हा शाबित झाला, हा समजही भाबडाच. दिल्लीच्या छावला प्रकरणात सत्र व उच्च न्यायालयाने फाशी दिलेल्या तिघांची सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये मुक्तता केली. २०१२च्या फेब्रुवारीत १४ व १६ तारखांना ताब्यात घेतलेले नमुने प्रयोगशाळेकडे गेले २७ तारखेला. मधले दिवस ते ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. छेडछाडीची शक्यता त्यामुळे नाकारता येईना. तज्ज्ञाने निष्कर्ष कशाच्या आधारे काढला, हेही कनिष्ठ न्यायालयांनी तपासले नव्हते.

हेच सफाळ्याला लावून पाहावे. तांदुळवाडीच्या डोंगरात किंवा वैतरणेच्या खाडीकाठी मृतदेह आढळला, तर तेथे प्रथम पोहोचतात पोलीस पाटील आणि हवालदार. आषाढातल्या पावसात रक्ताचे डाग धुऊन जायला वेळ लागत नाही. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर बुरशी व जिवाणू डीएनएची नासाडी करतात. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटातच ठेवावा लागतो. पंचांच्या सह्या, लाखेची मोहोर, मुद्देमाल नोंदवहीतील तारीख, नमुना नेणाऱ्या शिपायाचे नाव यांतला एखादा रकाना रिकामा राहिला, की बचाव पक्षाचे वकील नेमके त्यावर बोट ठेवतात. आणि ते त्यांचे कामच आहे.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (कलम १७६-३) सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आवश्यक केले. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तज्ज्ञ येईपर्यंत दोरी बांधून जागा राखायची ती हवालदारानेच. त्याच्याजवळ हातमोजे आणि कागदी पाकिटे आहेत का, हे नार्कोच्या चर्चेत कोणी विचारल्याचे आढळत नाही.