बैल आदिवासीचा, विक्रीचा हक्क कोणाचा?

अमेरिकेतील सुशिक्षित मध्यमवर्गात अलीकडे एक रीत रूढ झाली आहे. कुरणावर चरून वाढलेल्या जनावराचे मांस एखाद्या पशुपालक कुटुंबाकडूनच, पाव किंवा अर्ध्या जनावराच्या हिशेबाने, आगाऊ पैसे भरून घ्यावयाचे. तेथे मांसासाठी पोसलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के जनावरे चारच कंपन्या कापतात. त्यांना वगळून पैसा उत्पादकाच्या हाती पडावा, हा हेतू. आमच्याकडील ‘शेतकरी ते ग्राहक’ या घोषणेच्या भाटांना या प्रयोगाचे मोठे कौतुक आहे. त्यांनी एकदा जव्हार-मोखाड्यास यावे.

येथील डांगी बैल जन्मभर माळावरच्या गवतावर आणि भाताच्या पेंढ्यावर जगतो, मुसळधार पावसात चिखलणी ओढतो. म्हातारा झाला की पूर्वी तो विकून नव्या गोऱ्ह्याच्या किमतीतील काही भाग उभा राही. १९७६ च्या कायद्यानेही गोहत्या बंद केली होती. पण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कापण्यास मुभा होती. १९९५ साली संमत झालेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ही मुभा गेली. आता असा बैल कत्तलीसाठी विकणे हाच गुन्हा. कैद पाच वर्षांपर्यंत. कुरेशी व्यापाऱ्याची भाकरी गेली, तशी बैलाच्या मालकाची पुंजीही गेली. भरपाई शून्य. अर्थशास्त्रात याला जप्ती म्हणतात.

भूतदयेचा मुद्दा मांडणाऱ्यांना एकच विचारावयाचे आहे : त्याच खाचरात राबणाऱ्या रेड्याला ही दया का लागू नाही?

शेणाच्या मोलाचा युक्तिवाद अधिक विद्वत्तापूर्ण आहे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने निरुपयोगी बैलांवरील सरसकट बंदी अवाजवी ठरवली होती. २००५ साली त्याच न्यायालयाने शेणमुताच्या उपयुक्ततेचा आधार घेऊन ती वैध मानली. ठीक आहे. पण पेंढा मोजकाच असतो, आणि म्हाताऱ्या बैलाने खाल्लेला पेंढा तरण्या बैलाच्या तोंडचा असतो. शेण इतके मोलाचे असेल, तर सरकारने त्या दराने ते मालकाकडून विकत घ्यावे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गाईला राज्यमाता ठरवले, गोशाळांना गाईमागे रोज ५० रुपये देऊ केले. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला मात्र काही नाही!

या जिल्ह्याच्या गवताचा इतिहासच असा आहे. ते मुंबईच्या तबेल्यांत जाई. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी मागितले होते ते ५०० पौंड गवतकापणीचे अडीच रुपये; तलवाड्यास मिळाल्या गोळ्या. १९५३ साली सीमेपलीकडे पारडीत समाजवाद्यांनी सत्याग्रह केला, तोही जमीनदार गवतासाठी राखत असलेल्या जमिनीवर धान्य पिकवावे म्हणून. तेव्हा गवत परक्याचे होते. आज जनावर आपले असून त्याचा सौदा परक्याच्या मर्जीवर आहे.

प्रस्तुत लेखक कोणाच्या ताटात काय असावे हे सांगू इच्छित नाही. वारली-कोकण्यांतही न खाणारे पुष्कळ आहेत. प्रश्न विक्रीचा आहे. आपल्या पक्षाने विधिमंडळात निःसंदिग्ध मागणी करावी : १९७६ च्या दाखल्याची तरतूद पूर्ववत करा, तालुक्यात पशुवैद्यकीय तपासणीसह कत्तलखाना आणि जनावरमालकांची सहकारी संस्था उभी करा. हे मान्य नसेल, तर बैल मरेपर्यंत त्याच्या वैरणीचे पैसे दरमहा मालकाच्या हाती द्या. मते जातील या भीतीने आपले काही मित्र या विषयावर गप्प आहेत, हे मला ठाऊक आहे.